कागदावरच्या दोन बायका

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी ती दुबईतल्या आमच्या टायपिंग सेंटरमध्ये आली. नवरा गेल्यावर बाईनं तेवढा काळ घराबाहेर पडायचं नसतं. मी रत्नागिरीकडची, शेजारी सगळी मुसलमान वस्ती, त्यामुळे हे मला कुणी सांगावं लागत नाही. काळा बुरखा, घाईत चढवलेल्या चपला आणि छातीशी धरलेली एक निळी फाइल. टोकन घेऊन ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि नंबर पुकारल्यावरही उठेना. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दचकून उठली.

"सिस्टर, ये लायसन्स मेरे शोहर का है," ती म्हणाली. "अब मेरे नाम पे करना है."

मी तिचा पासपोर्ट उघडला, जन्मगाव वाचलं आणि मराठीतच म्हणाले, "अहो, तुम्ही तर आमच्या खाडीच्या पलीकडच्या!"

ती खुर्ची पुढे ओढून नीट बसली. "मग ताई, मला सगळं पहिल्यापासून सांगू दे. हिंदीत सांगताना माझं अर्धं आतच राहतं."

त्या दिवसापासून मी तिला आपा म्हणत आले.

तिच्या नवऱ्याचं इथल्या जुन्या बाजारभागात, देऱ्यात, शिवणकामाचं दुकान होतं. शाळांचे युनिफॉर्म आणि इथले पुरुष घालतात ते पांढरे लांब कंदुरे, ही दोन मुख्य कामं. तेवीस वर्षांचं दुकान, चार कारागीर. एका दुपारी कापड कापताना त्याच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुकानाचं लायसन्स त्याच्या एकट्याच्या नावावर. चारही कारागिरांचे व्हिसा त्या लायसन्सवर आणि आपाचा स्वतःचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. लायसन्सची मुदत संपायला सात आठवडे उरले होते.

"दुकानात तुमचं नाव कुठे आहे का? पार्टनर म्हणून, मॅनेजर म्हणून?" मी विचारलं.

"माझं नाव कशाला असेल?" ती म्हणाली. "मी घरी बसून काज-बटणं केली. तेवीस वर्षं. पहिल्या युनिफॉर्मपासून."

आमचं सेंटर म्हणजे सरकारी खातं आणि माणूस यांच्यामधला दरवाजा आहे, एवढंच मी तेव्हा नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकले असते. धंद्यांच्या नोंदी ठेवणारं जे खातं आहे, त्याचे अर्ज आम्ही भरतो. दुकानाचं नाव आधी राखून ठेवायचं. त्यात देवाधर्माचं नाव चालत नाही, माणसाचं घालायचं तर पूर्ण घालावं लागतं. मग काय धंदा करणार ते, मालक कोण, भागीदार कोण, जागा कुठली. दरवर्षी नूतनीकरण. आता यातलं बरंचसं फोनवरच होतं. सरळ असलेले कागद आमच्याकडे येतच नाहीत. अडलेले येतात.

आमचे मालक केरळचे. त्यांना सगळे मुदीर म्हणतात, म्हणजे अरबीत मॅनेजर. त्यांनी फाइल चाळली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ये बहुत लंबा है. पुराना खलास करो, इस के नाम पे नया निकालो. यल्ला, जल्दी."

त्यांचं चूक नव्हतं. तो रस्ता सोपा होता. मी आपाला तसं सांगितलं, तर तिनं फाइल मिटली.

"जुनं बंद केलं की दुकानाचं रेकॉर्ड पण बंद ना?"

"हो. नवीन दुकान म्हणजे पहिलं वर्ष, पहिला दिवस. कारागिरांचे व्हिसाही आधी रद्द करावे लागतील."

"नको मग. शाळावाले मला ओळखत नाहीत, दुकानाला ओळखतात. आणि ती चार माणसं कुठे जातील? लांब असू दे ताई. मला घाई आहे, पण लांब असू दे."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी मुदीरना म्हटलं, ही फाइल मी बघते.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं मी आमच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होते. मतदार यादीत नवीन नावं चढवायची, मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची वगळायची, चुका दुरुस्त करायच्या. निवडणूक लागली की दोन महिने घर विसरायचं. मशीनं, शाई, शिक्के, मतदान केंद्रावर कोण जाणार त्याच्या ऑर्डरी. ते काम मला मनापासून आवडायचं. पण त्यातच माझ्या हातून एक चूक झाली. एका गावात एकाच नावाच्या दोन बायका होत्या, नवऱ्याचं नावही सारखं. त्यातली एक वारली. मी दुसरीचं नाव वगळलं. मतदानाच्या दिवशी ती जिवंत बाई चिठ्ठी घेऊन केंद्रावर गेली आणि परत पाठवली गेली. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं तहसीलला आली. रागावली नाही, ओरडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "बाय, माझं नाव कापलंन कोणी ते फक्त मला बघायचं होतं." मी सांगितलं, मीच. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बरं. आता परत लिही." तिच्यासमोर बसून मी नवा अर्ज भरला. यादीत तिचं नाव परत यायला चार महिने लागले.

तेव्हापासून मला सवय लागली. कुठलंही नाव मी तीनदा वाचते आणि तिसऱ्यांदा ओठ हलवून वाचते. माझी मुलगी मला चिडवते, "मम्मी, यू आर लिप-सिंकिंग अगेन." नवरा अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी परत जातो. त्यालाही ही सवय ठाऊक आहे.

तर आपाची फाइल मी अशीच ओठ हलवून वाचली आणि दुसऱ्या पानाशीच थांबले.

आपाचा पासपोर्ट लग्नाआधीचा, पुढे नुसता रिन्यू होत आलेला. त्यात तिचं नाव झेडनं सुरू होतं आणि आडनाव वडिलांचं. तिचा इथला व्हिसाही त्याच नावानं. आणि गावाकडून आलेल्या वारस दाखल्यात मयताची बायको म्हणून जे नाव होतं ते जेनं सुरू होणारं, आडनाव सासरचं. मराठीत दोन्हीकडे "ज"च. जन्मातला ज आणि जमिनीतला ज आपण एकाच अक्षरानं लिहितो, तोंडानं वेगळा करतो. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यानं जे लिहिला. अरबीत तर ती दोन अक्षरंच वेगळी, एकमेकांसारखी दिसतसुद्धा नाहीत.

दाखल्यात वारस तिघं होते. बायको, मुलगी आणि मयताचा सख्खा भाऊ. आईवडील आधीच गेलेले आणि मुलगा नाही, म्हणून भावाचाही हिस्सा.

मी आपाला घेऊन खात्याच्या काउंटरवर गेले. कोर्टातून वारसांचा आदेश आणावा लागणार हे मला माहीत होतं, पण त्याआधी लायसन्सच्या रेकॉर्डला मालक वारल्याची नोंद करून घ्यायची होती. काउंटरवर एक तरुण अधिकारी होती. इथलीच, काळा अबाया, डोक्यावर शेला, बोलणं शांत. इथले बरेच लोक बोलतात तशी हिंदी तिला येत होती. तिनं कागद एकेक करून पसरले, पासपोर्ट उजवीकडे, दाखला डावीकडे, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.

"सिस्टर, पेपर में ये दो लेडीज हैं."

"नाही, एकच आहे. स्पेलिंगचा घोळ आहे," मी म्हटलं.

"मुझे मालूम है, शायद एक है. मगर कोर्ट पूछेगा. यहाँ दुबई में एक वाइफ, वहाँ विलेज में दूसरी वाइफ. दूसरी का हक किधर गया?"

मी आपाकडे बघितलं. मला वाटलं ती आता रडणार. तिच्या धर्मात दोन बायका असू शकतात, म्हणून हा प्रश्न इथल्या कुठल्याही अधिकाऱ्यानं विचारायलाच हवा होता. पण चार महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईसमोर तो असा काचेपलीकडून येणं वेगळं. आपानं दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं बघितलं आणि एकदम हसली. तोंडावर हात धरून हसली.

"ताई, तिला सांग," ती म्हणाली, "त्या माणसाला एका बायकोच्या हातचा चहा प्यायला वेळ नव्हता. दुसरी कधी करील?"

मी भाषांतर केलं. अधिकारीही हसली, पण बोटं काढली नाहीत. "मुझे एक पेपर चाहिए, जो इन दोनों को जोड़ दे. गवर्नमेंट का पेपर, पुराना. मौत के बाद का नहीं, पहले का." तिनं रेकॉर्डला शेरा टाकला, वारसांचं काम चालू आहे असा, आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. "इन्शाल्ला होगा. जल्दी आना."

परत येताना आम्ही खाडीवर, अब्रा नावाच्या होड्या सुटतात त्या घाटाशी बाकावर बसलो. समोर लाकडी गलबतांवर फ्रीज आणि टायर चढत होते. आपाचं हसू आता पार उतरलं होतं.

"माझा निकाहनामा आहे," ती म्हणाली, "पण त्यात पण माहेरचंच नाव."

"तो एकीचं सांगतो. दोघी एकच आहेत हे सांगत नाही," मी म्हटलं. "सासरच्या नावाचं काही आहे का? बँक, रेशनकार्ड, काहीही?"

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "वोट द्यायचं कार्ड आहे. लग्नानंतर दुबईला येण्याआधी तीन वर्षं गावी होते ना, तेव्हा मास्तर घरोघरी आले होते फोटो काढायला. कधी वापरलं नाही दुसऱ्यांदा. बॅगेत असेल."

मी बाकावरून उठून उभीच राहिले. इतका वेळ मला हे सुचलं नव्हतं याची लाज वाटली. मतदार ओळखपत्र म्हणजे नुसतं कार्ड नाही, त्याच्यामागे यादी असते. यादीत घर क्रमांक असतो, आणि एका घर क्रमांकाखाली घरातले सगळे सज्ञान लोक ओळीनं असतात. सासू, मुलगा, सून, दीर. जर त्या घरात एकच सून त्या नवऱ्याच्या नावासह असेल, आणि तिच्या कार्डावर आपाचा फोटो असेल, तर दोन बायका एक झाल्याच.

संध्याकाळी तिच्या मुलीनं कार्डाचा फोटो मला पाठवला. मुलगी बावीस वर्षांची, एका दवाखान्यात रिसेप्शनवर. फोनवर म्हणाली, "आँटी, मम्मी लुक्स सो यंग हिअर, आय कान्ट बिलीव्ह." फोटोतली आपा तेवीस-चोवीसची, कॅमेऱ्याला घाबरलेली. नाव सासरचं, मराठीत ज, इंग्रजीत जे. नवऱ्याचं नाव अक्षरन्‌अक्षर बरोबर.

मी कार्डाचा नंबर आपल्याकडच्या निवडणुकीच्या साइटवर टाकला. काही सापडलं नाही. नाव वगळलेलं होतं. गाव सोडून गेलेल्यांचं नाव वगळायचंच असतं, कुणीतरी माझ्यासारखीनं ते इमानदारीनं वगळलं होतं. पण जुनी यादी कुणी फाडत नाही हेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या तहसीलला फोन लावला. निवडणूक शाखेतले अव्वल कारकून अजून तिथंच होते. माझ्या वेळी ते साधे लिपिक होते, मला यादीतल्या खाचाखोचा त्यांनीच शिकवल्या होत्या.

"कोण? अरे! दुबईहून?" ते म्हणाले. "मॅडम, आवाज अगदी तोच आहे हो. बोला, कोणाचं नाव कापलं आम्ही?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"गाव आपल्याच तालुक्यातलं आहे, हे नशीब," ते म्हणाले. "यादी रेकॉर्ड रूमला असणार. पण फोनवर मी तुम्हाला काही देऊ शकत नाही. घरचा माणूस अर्ज घेऊन पाठवा. भाग क्रमांक, घर क्रमांक काय माहिती असेल ती लिहा. प्रमाणित उतारा देतो, सहीशिक्क्यासकट. एकेका वर्षाचा नको, तीन-चार याद्यांचा घ्या. सलग दिसलं पाहिजे."

"सर, घरचा माणूस म्हणजे तिचा दीर," मी म्हटलं. "तोही वारस आहे. त्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक."

"ते माझ्या शाखेत येत नाही," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

पण मला ती काळजी खरीच होती. नऊ वर्षांत मी वारसांच्या फायली पाहिल्या होत्या. भाऊ हयात असताना विचारपूस न करणारे लोक लायसन्सची प्रत मागायला बरोबर हजर होतात. दिरानं हिस्सा मागितला असता तर त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. दुकान विकावं लागलं असतं, एवढंच. मी आपाला विचारलं, "दीर कसा आहे?" ती म्हणाली, "चांगला आहे," आणि विषय संपवला. मला त्यातून काही कळलं नाही.

दिराचा आपाला फोन आला तो पंधरा दिवसांनी. उतारे मिळाले होते. आणि तो ते कुरियरनं पाठवणार नव्हता, स्वतः घेऊन येणार होता. व्हिजिट व्हिसा काढून.

"कशाला येतोय?" मी आपाला विचारलं.

"म्हणाला, समोर बसून बोलायचं आहे."

झालं, म्हटलं. आता हिस्स्याचं बोलणं. त्या चार दिवसांत मी मनातल्या मनात त्याच्याशी बरेच वाद घातले.

तो आला. साठीच्या आतबाहेरचा, वाळलेला माणूस, उन्हात काम केल्याच्या खुणा मानेवर. आपा, तिची मुलगी आणि तो असे तिघं दुपारी सेंटरमध्ये आले. त्यानं खांद्याची पिशवी उतरवली, आतून प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेला लिफाफा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चार याद्यांचे उतारे. प्रत्येकावर तहसीलचा गोल शिक्का आणि अव्वल कारकुनांचं ते ओळखीचं तिरकं अक्षर. घर क्रमांक एक, त्याखाली सासू, मोठा मुलगा, त्याची बायको, धाकटा मुलगा, त्याची बायको. पहिल्या तीन याद्यांत तीच पाच नावं. चौथ्या यादीत सासू नव्हती.

मी तीनदा वाचलं. मग विचारलं, "तुमचं काय बोलायचं होतं?"

तो आपाकडे वळला. "भाभी, हिस्सा सोडायचा कागद तिथं पण झाला असता. मंत्रालय, दिल्ली, कुठं कुठं शिक्के मारून पाठवता आला असता. पण मला वाटलं, उद्या कोणी म्हणेल, याच्याकडून जबरदस्तीनं सही घेतली. म्हणून इथं येऊन, कोर्टात साहेबांच्या समोर सही करतो."

मीच म्हटलं, "तुम्ही सगळा हिस्सा सोडताय? नीट विचार केलात का?"

"मॅडम," तो म्हणाला, "मी सात वर्षं इथं सोनापूरला मजुरांच्या कॅम्पात होतो. सळई बांधायचं काम. बारा माणसं एका खोलीत. भाई दर शुक्रवारी बसनं यायचा, डबा घेऊन. भाभीच्या हातचं. उन्हाळ्यात पण, रमजानमध्ये इफ्तारला पण. एक शुक्रवार चुकला नाही. माझा हिस्सा मी शुक्रवारी शुक्रवारी खाल्लाय. आता त्यात उरलंय काय?"

आपाची मुलगी, जी इतका वेळ फोन बघत होती, तिनं फोन उलटा ठेवला. "चाचू," ती म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. मी प्रिंटरशी उगाच कागद सरळ करत बसले. चार दिवस मी या माणसाशी भांडत होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढची कामं मग एकामागून एक झाली. भारताच्या वकिलातीत आपानं शपथेवर लिहून दिलं की या दोन नावांची बाई मीच. सोबत कार्ड आणि उतारे. तिथल्या बाईनं कार्डावरचा फोटो हातात धरून आपाच्या चेहऱ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "नाक तेच आहे." दाखला मिळाला. त्याचं अरबीत भाषांतर झालं, आणि भाषांतरकाराला मी समोर बसून दोन्ही अक्षरं दाखवली, ठिपक्यासकट. कोर्टात दिरानं आणि मुलीनं आपापला हक्क आपाच्या नावे सोडला. दिराला सही करायला सांगितलं तर त्यानं आधी हात रुमालाला पुसले.

लायसन्सची मुदत संपायला नऊ दिवस असताना आम्ही परत त्याच काउंटरवर गेलो. अधिकारी तीच होती. तिनं आदेश वाचला, दाखला वाचला, मग मतदार यादीच्या उताऱ्याचं भाषांतर हातात घेतलं आणि तिथं मात्र थांबली.

"ये क्या है? इलेक्शन का?"

मी सांगितलं, ही आमच्याकडची मतदारांची यादी, घरवार. आणि सांगता सांगता हेही बोलून गेले की मी हेच काम करायचे, याद्या आणि मतदान.

तिनं कागद खाली ठेवला. "यू डिड इलेक्शन ड्यूटी?" मग हिंदीत आली. "मैं भी. हमारी काउन्सिल का इलेक्शन था, मैं व्हॉलंटिअर थी, हॉल में."

इथं परिषदेच्या निवडणुकीत फक्त इथल्या नागरिकांना मत असतं, तेही ठरलेल्या यादीतल्यांना. आम्हाला ती रस्त्यावरच्या उमेदवारांच्या फलकांपुरतीच दिसते. ती सांगत होती की तिची आजी मत द्यायला ईदला घालते तसे कपडे घालून आली. स्क्रीनसमोर उभी राहून नातीला म्हणाली, सांग कुठे बोट लावू. "मैंने बोला, दादी, मशीन कैसे चलता है वो बताऊँगी. किस को देना है वो नहीं बताऊँगी. दादी एक हफ्ता बात नहीं किया मेरे से!"

मला आमच्या केंद्रावरच्या किती म्हाताऱ्या आठवल्या, ज्यांनी मला अगदी हेच विचारलं होतं आणि मीही अगदी हेच उत्तर दिलं होतं. मी तिला तसं सांगितलं. काचेच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकाच खात्यातल्या असल्यासारख्या बोलत होतो. मागचं टोकन दोनदा पुकारलं गेलं, तेव्हा ती भानावर आली आणि कीबोर्डकडे वळली.

"नाम बोलो," ती म्हणाली. "आप नहीं. मॅडम खुद बोलें."

आपा काचेजवळ सरकली. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, पासपोर्टातलं, पहिलं अक्षर नीट झेडचं उच्चारून. अधिकारी बाईनं अरबीत लिहिलं, स्क्रीन आमच्याकडे वळवली, आणि तिघींनी मिळून वाचलं. मालक या रकान्यात एकच नाव. दुकानाच्या नावाच्या, पत्त्याच्या, धंद्याच्या नोंदी जुन्याच. सुरुवातीची तारीख तेवीस वर्षांपूर्वीची तशीच.

"मबरूक, मुबारक हो," अधिकारी म्हणाली. आपानं अरबीत आभार मानले आणि दिराला फोन लावला. तो परत जायच्या आधी आपला जुना कॅम्प बघायला सोनापूरला गेला होता. तिकडून त्याचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. "झालं? खलास? मी इथं रस्ताच चुकलोय भाभी, सगळं बदललंय!"

पुढच्या आठवड्यात मी कारागिरांच्या परमिटांचे कागद सह्यांसाठी दुकानावर घेऊन गेले. एरवी माणूस सेंटरला येतो, पण मला दुकान बघायचं होतं. लांबट गाळा, चार मशीनं, छताला टांगलेले पांढरे कंदुरे आणि मागच्या भिंतीला कुठल्यातरी शाळेच्या दीडशे-दोनशे हिरव्या पँटा. आपा कापायच्या टेबलाशी बसली होती. घरातलं काज-बटणांचं सामान तिनं इथं आणून मांडलं होतं. आता तिला ते दुकानात बसून करायला कुणाची हरकत नव्हती.

तिनं पहिल्या कागदावर सही केली. सही अजून बसलेली नव्हती, शेवटचं अक्षर रेषेच्या खाली गेलं. दुसऱ्यावर जरा बरी आली. चौथ्यापर्यंत हात सरावला.

तेवढ्यात सगळ्यात जुना कारागीर, लखनौकडचा, मशीन थांबवून उठला आणि टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याला गावी जायचं होतं, मुलीचं लग्न होतं. हे तो मालकाला सांगणार होता त्याच आठवड्यात मालक गेला, आणि मग कुणाला सांगायचं हेच त्याला कळत नव्हतं.

"कितने दिन?" आपानं विचारलं.

"चालीस दिन, बाजी."

"चालीस?" ती म्हणाली. "शाळा सुरू व्हायला आली. हिरव्या पँटा कोण करील?"

"हिरवे का आधा मैं कर के जाऊँगा. आधे के लिए भांजे को बोला है, वो शारजा में है, अच्छा हाथ है उस का."

आपानं टेबलावरची टेप उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली. भिंतीकडे बघून मनात काहीतरी मोजलं. मग त्याला म्हणाली, तीस दिवस, आणि भाच्याला उद्याच घेऊन ये, मला त्याची शिलाई बघायची आहे.

तो मान डोलावून मशीनकडे गेला. आपानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, बरोबर बोलले का मी? हे होते तेव्हा अशा वेळी पस्तीस दिवस द्यायचे."

"मग पस्तीस द्या," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "आता तीस सांगितले ना." आणि तिनं पाचवा कागद पुढे ओढला.